तो घडीचा साप कोणाला आठवतो का?

प्रश्न: नौपाड्यात लहानपणी माझ्याकडे निळ्या-पांढऱ्या त्रिकोणी तुकड्यांचा एक लांब साप होता, जो पिळत गेल्यास कधी कुत्रा, तर कधी चेंडू होत असे, तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्ही भावंडे तो चेंडू जमवत तासन्‌तास बसत असू. त्याचे नाव कोणी सांगेल का? मुलीला तो दाखवण्याची फार इच्छा आहे.

प्रतिसाद १: तो रुबिक्स स्नेक. क्यूब घडवणारे हंगेरीचे एर्नो रुबिक यांचीच ही निर्मिती असून तो १९८१ मध्ये बाजारात आला. त्यात एकसारखे २४ लोलक आणि २३ सांधे असतात व प्रत्येक सांधा चार स्थितींत थांबतो. त्यामुळे एकच पीळ चुकला तरी चेंडूऐवजी भलताच आकार हाती येतो.

प्रतिसाद २: कोपरीच्या आमच्या चाळीत असा एकच साप होता. मे महिन्याच्या दुपारी तो गॅलरीतून हातोहात फिरे, आणि सांधा वळतानाचा तो ‘कट्‌’ आवाज मला आजही ऐकू येतो.

प्रश्नकर्ता: तोच आवाज! मनःपूर्वक आभार.