साध्या मिलिंग मशीनवर झटपट प्रोटोटाइप काढायचेत, सल्ला हवा (अंबड, नाशिक)

अंबड_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. एक एमवनटीआर (हाताने चालणारं, टरेट हेडचं) मिलिंग, त्यावर डीआरओ म्हणजे टेबल किती सरकलं ते आकड्यात दाखवणारा डिस्प्ले, शिवाय एक लेथ. नेहमीचं काम फिक्स्चर आणि सुट्या पार्टचं. आता दिंडोरीकडच्या बागायतदारांनी ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरसाठी नोझलचा मॅनिफोल्ड (औषध सगळ्या नोझलना वाटून देणारा ठोकळा) नव्यानं करून मागितलाय. एका ठोकळ्यात सहा आउटलेट, प्रत्येकाला वेगळा चालू-बंद, आणि पंप थांबला की थेंब गळायला नको.

डिझाइन अजून पक्कं नाही. शेतावर लावायचं, बघायचं, बदलायचं, परत काढायचं असं चालणार. थ्रीडी प्रिंट करून बघितलं. आकार समजतो, पण एचटीपी पंपाचा (फवारणीचा जास्त दाबाचा पंप) दाब आला की थरांमधून पाझरतं. व्हीएमसीवाल्यांकडे (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग सेंटर) एक नग घेऊन गेलं तर ते चालू बॅच थांबवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या जोरात सुरू होतात, त्याआधी नमुना ठरायला हवा.

माझ्या मिलिंगला सीएनसी किट (मोटर लावून प्रोग्रॅमने चालवायचं) बसवून घेऊ, की आहे त्या मशीनवर निभेल? आणि मटेरियल कुठलं घ्यावं?

सातपूर_रेट्रोफिट

दादा, मी ही किट बसवायचं कामच करतो, तरी या सीझनपुरतं नको म्हणेन.

तुमच्या मशीनचा लीडस्क्रू (टेबल सरकवणारा स्क्रू) ट्रॅपेझॉइडल, म्हणजे साध्या तिरक्या आट्यांचा आहे, त्यात ढिलाई असणारच. हाताने चालवताना आपण ती एका बाजूने येऊन काढतो. प्रोग्रॅमला गोल खिसा कापायला सांगितला की दर दिशाबदलाला ती ढिलाई जॉबवर उमटते. म्हणजे नुसती मोटर लावून भागत नाही, बॉलस्क्रू (गोळ्यांवर फिरणारा, ढिलाई नसलेला स्क्रू) आलाच. आणि बॉलस्क्रू ट्रॅपेझॉइडलसारखा स्वतःहून अडकून राहत नाही. मोटर बंद असेल तर कटाच्या जोराने टेबल सरकतं, त्यामुळे हाताने काम करायची जुनी सवय तशीच चालत नाही.

पुढे करायचंच झालं तर फक्त एक्स आणि वाय करा, झेड क्विलवर (स्पिंडल वरखाली करणारी नळी) हातानेच ठेवा. कंट्रोलला लिनक्स-सीएनसी फुकट मिळतं आणि चांगलं चालतं. पण मॅनिफोल्ड म्हणजे भोकं आणि सपाट फेस (बाजू), त्यात थ्रीडी सरफेस कुठेच नाही. डीआरओ पुरेल.

जुना_टूलरूम

वरच्यांशी पूर्ण सहमत. माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे. तुमचा वेळ मशीनवर जात नाहीये, तो ड्रॉइंगमध्ये अडकलाय. सहा आउटलेट एका ठोकळ्यात धरले की साधारण अडीचशे मिमी लांबीचं मेन भोक आलं. १२ मिमीचं ड्रिल इतक्या खोलवर भरकटतं. आणि एका आउटलेटची सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो ती जागा) बदलायची ठरली तर सगळा ठोकळा भंगारात.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा सेक्शनल (सुटे भाग शेजारी जोडून केलेला) व्हॉल्व्ह बघितलाय ना? तसं करा. एका आउटलेटला एक चौकोनी ठोकळा, ४० मिमी जाड, मधून आरपार १२ चं भोक. असे सहा शेजारी लावा, दोन ठोकळ्यांमध्ये ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी), आणि दोन एम८ च्या (८ मिमी आट्यांच्या) टाय-रॉडनी, म्हणजे आरपार लांब बोल्टनी आवळा. प्रयोग चालू आहे तोवर बदल फक्त एका ठोकळ्यात करायचा, बाकीचे पाच तसेच राहतात. डिझाइन ठरलं की मग खुशाल एकसंध करा.

जोराची काळजी नको. २० मिमी व्यासाच्या ओ-रिंगवर २५ बार दाब धरला तरी ठोकळे फाकवणारा जोर ८० किलोच्या आसपास येतो. दोन एम८ ला तो काहीच नाही.

आता सेटिंग. व्हाइसला एकदा डायल मारा (डायल गेजने सरळ लावा) आणि हे काम संपेपर्यंत ती हलवू नका. फिक्स जॉच्या कडेला स्टॉपर बोल्ट करा. पहिल्या ठोकळ्यावर एज फाइंडरने (जॉबची कड शोधायचं साधन) झिरो घेतला की पुढचा प्रत्येक ठोकळा स्टॉपरला टेकवून बांधायचा, झिरो परत घ्यायचाच नाही. ठोकळे आधी सगळे एका मापात आणा, तेही लागतील त्यापेक्षा दोन-तीन जास्त. नवा विचार सुचला की तयार ठोकळा उचलायचा आणि भोकं मारायची. टरेटचं हेड हलवलं असेल तर स्पिंडलमध्ये डायल धरून टेबलाशी काटकोन आधी तपासा, नाहीतर फेस तिरके येतील आणि ओ-रिंगा दोष नसताना बदलत बसाल.

कटरबद्दल एकच. एचएसएसने (हाय स्पीड स्टीलच्या कटरने) ॲल्युमिनियमला ७० मीटर प्रति मिनिट धरलं तर १२ च्या एंडमिलला साधारण १८५० आरपीएम लागतात, ३ च्या एंडमिलला तब्बल ७४००. मशीनच्या प्लेटवर वरचा वेग किती लिहिलाय ते बघा आणि कोपऱ्यांच्या त्रिज्या त्या हिशोबाने मोठ्या ठेवा. ड्रॉइंगमध्ये २ मिमीची त्रिज्या काढायला काही लागत नाही, मशीनवर तीच दिवस खाते. आणि क्लाइंब कट (कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवणं) टाळा. स्क्रूत ढिलाई असताना कटर जॉब आत ओढतो.

मखमलाबाद_बाग

मी मशीनवाला नाही, द्राक्षवाला आहे. पण मटेरियलचं बोलतो. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) मारणार असाल तर ॲल्युमिनियमचा नमुना शेतावर पाठवू नका. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमला खातं, पांढरे-काळे खड्डे पडतात. मग गळती डिझाइनमुळे आहे की खड्ड्यांमुळे, हेच कळणार नाही.

दुसरं, बोर्डोतला चुना कोपऱ्यात बसतो. आत जिथे पाणी फिरत नाही अशी बंद बोळं ठेवू नका. मेन भोकाच्या दोन्ही टोकांना हाताने काढता येतील असे प्लग द्या. संध्याकाळी मजूर पाना शोधत बसत नाही, हे लक्षात ठेवून बनवा.

अंबड_जॉबवर्क

सगळ्यांचे मनापासून आभार. सुट्या ठोकळ्यांचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. काका, दोन शंका. ओ-रिंगची गोल खाच मिलिंगवर कशी काढू? रोटरी टेबल नाहीये. आणि ॲल्युमिनियम नको तर डेलरिन (कडक प्लास्टिक) चालेल का? कटपीस सहज मिळतात.

जुना_टूलरूम

खाच लेथवर काढा. ठोकळा फोर जॉ चकमध्ये धरा, भोकाला डायल मारून मध्यावर आणा. फेस घ्या आणि त्याच बांधणीत खाच काढा. टूलच्या रेषा गोल येतात, त्या ओ-रिंगला सोयीच्या. आडव्या रेघांतून पाणी वाट काढतं.

मुळात दोन भिंतींची खाच लागतच नाही. दाब आतून बाहेर आहे, रिंग बाहेरच्या भिंतीवर दाबली जाणार. म्हणून भोकाभोवती नुसतं २० चं सपाट काउंटर (उथळ गोल खड्डा) पुरे. २.६२ जाडीच्या रिंगला खोली २ मिमी ठेवा, म्हणजे ती साधारण पाव भाग दबते. रिंगचा बाहेरचा व्यास काउंटरइतका किंवा किंचित जास्त घ्या, सैल नको. ठोकळ्याच्या एकाच बाजूला काउंटर, दुसरी बाजू सपाट.

डेलरिन शेतावरच्या चाचणीसाठी उत्तम. कटर नवा, धारदार घ्या. तापला की ॲल्युमिनियमच्या चारपाच पट फुगतो, म्हणून जॉब गार झाल्यावरच मोजा. कटानंतर लगेच मायक्रोमीटर लावलात तर संध्याकाळी माप वेगळंच येईल. व्हाइसही बेताने आवळा, भोक अंडाकृती होतं.

आटे जी१/४ चे (पाव इंची पाइपचे), समांतरच. ड्रिल ११.८ चं, आणि सील खालच्या वॉशरवर घ्या. टेपर फिटिंग डेलरिनमध्ये आवळलं की पाचर बसल्यासारखा ठोकळा चिरतो. शेवटचा माल पितळेचा करा, मापं तीच राहतील.

सातपूर_रेट्रोफिट

एक भर. चालू-बंदच्या नॉबचा आकार हाताला कसा येतो हे बघायला तुमचा थ्रीडी प्रिंटरच वापरा, तिथे दाब नाही. आणि पहिली चाचणी हवेवर घेऊ नका. दाबलेली हवा ठोकळा फुटला तर तुकडे उडवते. आत पाणी पूर्ण भरून, हवा काढून टाकून, हातपंपाने दाब चढवा.

अंबड_जॉबवर्क

हातपंप आहे, पाइपलाइन टेस्टिंगचा. आज व्हाइसला डायल मारून स्टॉपर बसवतो. डेलरिनचे आठ ठोकळे कापायला टाकलेत, सहा कामाचे आणि दोन जास्तीचे. थेंब अडवणाऱ्या चेक व्हॉल्व्हची स्प्रिंग किती कडक घ्यावी ते बागेतल्या पाण्यावर बघून इथेच विचारतो.