सकल, स्थूल, ढोबळ... आणि योगक्षेम

प्रश्न : जीडीपीला कुठे 'सकल', कुठे 'स्थूल', कुठे 'ढोबळ देशांतर्गत उत्पादन' म्हणतात. अर्थ एकच ना? आणि 'जीडीपी वाढला' ऐवजी 'देशाची भरभराट झाली' असं लिहिलेलं चालेल का?

— अर्थ एकच. फक्त 'ढोबळ' टाळा, वाचणाऱ्याला 'अंदाजे' वाटतं. इथे अभिप्रेत आहे 'घसारा वजा न केलेलं'. यंत्रं, इमारती, रस्ते वर्षभरात झिजले ते वजा केलं की 'निव्वळ'. पुरात वाहून गेलेली घरं मात्र निव्वळमधूनही वजा होत नाहीत, आणि ती पुन्हा बांधली की उत्पादनात जमा!

'भरभराट' नको. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ साली अमेरिकी सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल दिला, त्यातच बजावलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण फारसं जोखता येत नाही. आजाऱ्याची शुश्रूषा पगारी माणसाने केली तर ती मोजतात, घरच्यांनी केली तर नाही.

— उगाच कीस काढताय. जीडीपी जास्त असलेल्या देशांत माणसं जगतातही जास्त आणि शिकतातही जास्त.

— बहुतेक ठिकाणी खरंय. पण आयर्लंड बघा. २०१५ या एका वर्षात तिथला जीडीपी २६ टक्क्यांनी वाढल्याचं पुढच्या वर्षी जाहीर झालं. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती, लोकांच्या पदरात तेवढं काही पडलं नव्हतं. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा, सुधारित आकडा काढावा लागला. 'देशांतर्गत' म्हणजे हद्दीत झालेलं, हद्दीतल्यांना मिळालेलं नव्हे.

प्रश्नकर्ता : मग लोकांचं बरं चाललंय का, हे एका शब्दात कसं सांगायचं? 'कल्याण' म्हटलं की सरकारी योजनाच आठवतात.

— 'योगक्षेम'. गीतेच्या नवव्या अध्यायातला. शांकरभाष्यात फोड आहे : योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. जीडीपीत योग दिसतो. जंगल तोडलं की लाकूड हिशेबात येतं, गेलेलं जंगल येत नाही. तिथे क्षेमाचा रकानाच नाही.

— सुंदर, पण मराठीत 'योगक्षेम चालवणे' म्हणजे पोट भरणे. बातमीत वापरलात तर रोजगाराची बातमी वाटेल.

— तेही खरंच. लेखात वापरा, एकदा अर्थ सांगून. मथळ्यात 'जीडीपी वाढला' एवढंच.