कोळंबीच्या टँकमध्ये काचेवर पांढरे चपटे किडे, प्लॅनेरिया आहेत का?

रात्री लाइट लावला की काचेवर सेंटिमीटरभर लांबीचे पांढरट किडे सरकताना दिसतात, डोकं बाणासारखं त्रिकोणी आणि त्यावर दोन काळे ठिपके, तिरळे बघतायत असं वाटतं. चिरडून टाकले तर चालेल का?

उत्तर १:
हो, प्लॅनेरियाच. चिरडू नका प्लीज!! तुकडा पाण्यात राहिला तर त्याचा नवा किडा होतो. अंगभर निओब्लास्ट नावाच्या पेशी असतात, त्यातून डोकं, मेंदू सगळं परत तयार होतं. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गननी १८९८ मध्ये दाखवलं होतं की २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही अख्खा प्राणी होतो.

उत्तर २:
ते ठिपके डोळेच आहेत पण चित्र दिसत नाही, फक्त उजेड कुठून येतोय तेवढं कळतं, म्हणून दिवसा दगडाखाली लपतात. आणि तोंड डोक्याला नसतंच, पोटाच्या मधोमध असतं, तिथून नळीसारखा घसा बाहेर काढून भक्ष्य शोषतात, भिंगातून बघा एकदा, नजर हटत नाही. गुदद्वार नाही, उरलेलं त्याच तोंडातून बाहेर. हृदय नाही, फुफ्फुसं नाहीत, अंग इतकं चपटं की ऑक्सिजन थेट त्वचेतून आत जातो.

उत्तर ३:
कोळंबीची पिल्लं सांभाळा, हे किडे ती खातात. खाणं कमी टाका, रात्री भोकं पाडलेल्या छोट्या बाटलीत मांसाचा तुकडा ठेवा, वासावर आत जमतात. फेनबेंडाझोल या जंतांवरच्या औषधाने मरतात पण काही गोगलगायीही जातात, आधी त्या दुसरीकडे हलवा.