थंडी संपली तरी एफएलसी बंदच कसं राहतं? (हिस्टोनवाला प्रश्न)

पानफुटी: एमएससी बॉटनी, सेमिनारला व्हर्नलायझेशन (लांब थंडी मिळाल्यावरच फुलोरा येणं) घेतलंय. अरॅबिडॉप्सिसमध्ये (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगांत वापरतात ते छोटं रोप) एफएलसी हे जीन फुलोरा रोखून धरतं आणि काही आठवडे थंडी मिळाली की बंद होतं, इथपर्यंत ठीक. पण थंडीत तयार होणारं व्हीआयएन३ प्रोटीन ऊब मिळाल्यावर निघून जातं ना, पेशी तर पुढे विभागतच राहतात, डीएनएचा सिक्वेन्सही तोच, मग आठवण नेमकी ठेवतं कोण? आणि हिस्टोनवरच्या खुणेला धरणारं एलएचपी१ प्रोटीन म्हणजे प्राण्यांतलं एचपी१च का?

क्रोमॅटिनकर: दोन टप्पे वेगळे धर म्हणजे गोंधळ होणार नाही. थंडीत पीआरसी२ कॉम्प्लेक्स (हिस्टोनवर खुणा करणारा प्रोटीनांचा गट) व्हीआयएन३ सोबत एफएलसीच्या सुरुवातीच्या दोन-तीन न्यूक्लिओसोमवरच (हिस्टोन प्रोटीनांचा गोळा आणि त्याभोवती गुंडाळलेला डीएनए) एच३के२७एमई३ ची खूण (एच३ हिस्टोनच्या २७व्या लायसिनवर तीन मिथाइल, म्हणजे जीन बंद) करतं, हे न्यूक्लिएशन. ऊब आली की तीच खूण अख्ख्या जीनवर पसरते आणि एच३के३६एमई३ ही चालू जीनची खूण मागे हटते. आता आठवणीचं बघ, डीएनए डबल होताना जुने हिस्टोन दोन्ही प्रतींत वाटले जातात, पीआरसी२ त्यांच्यावरची खूण ओळखतं आणि शेजारच्या नव्या हिस्टोनवर तीच करतं, म्हणून व्हीआयएन३ गेलं तरी चालतं. सीएलएफ (पीआरसी२ मधलं मिथाइल लावणारं एन्झाइम) किंवा एलएचपी१ चे म्युटंट बघ, थंडीत न्यूक्लिएशन होतं पण पुढे खूण पसरत नाही आणि एफएलसी परत चालू होतं. नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरमधल्या कॅरोलिन डीन यांच्या ग्रुपचे पेपर वाच, यातलं बरंच त्यांचंच आहे.

बुरशीबाई: एलएचपी१ नावाला एचपी१सारखं, काम वेगळं. प्राण्यांतलं एचपी१ एच३के९ च्या मिथाइलला धरतं, हे के२७ वालं. वनस्पतीत एच३के९एमई२ वर सीएमटी३ हे एन्झाइम बसतं आणि डीएनएला मिथाइल लावतं, ती मिथाइल बघून केवायपी हे दुसरं एन्झाइम परत के९ वर लावतं, असं चक्र चालू राहतं, पण ते मुख्यतः ट्रान्सपोझॉन (जीनोममध्ये जागा बदलणारे डीएनएचे तुकडे) गप्प ठेवायला. क्लासच्या नोट्समध्ये हे दोन्ही सर्रास एकत्र कालवलेलं असतं.

पानफुटी: ओह, आत्ता कळलं. मग थंडी अर्धवटच मिळाली तर एफएलसी अर्धवट बंद?

क्रोमॅटिनकर: झाड म्हणून हो, पेशी म्हणून नाही. फॅनचा रेग्युलेटर नाही हा, बटण आहे, प्रत्येक पेशीत बंद नाहीतर चालू. थंडी जितकी लांबते तितक्या जास्त पेशी बंद.

बियाणेवाला: कोबी याच कुळातला, त्यातही एफएलसीसारखी जीन्स आहेत. आपल्याकडे गड्डा मस्त होतो पण बहुतेक जातींना फुलोऱ्यापुरती थंडीच मिळत नाही, म्हणून बी हिमाचल-काश्मीरकडे घेतात. आणि ते बी इथे लावलं तर? आईने थंडी खाल्ली म्हणून पोराला फुकट मिळत नाही 😄

बुरशीबाई: बरोबर, भ्रूणात खुणा पुसल्या जातात. अरॅबिडॉप्सिसमध्ये ईएलएफ६ नावाचं डीमिथायलेज (मिथाइल काढणारं एन्झाइम) त्यात असतं.

क्रोमॅटिनकर: आणि सेमिनारात चिपचा (खूण जीनवर कुठे किती आहे ते दाखवणारी चाचणी) ग्राफ दाखवशील तर थंडी संपल्या संपल्याचा आणि नंतर ऊबेत ठेवलेल्या रोपांचा, दोन्ही शेजारी लाव. पहिल्यात सुरुवातीलाच टोक दिसेल, दुसऱ्यात जीनभर. नुसता पहिला लावलास तर सर पसरण्याबद्दलच विचारणार.