‘लोक मुळात स्वार्थी’ हा समज वागणं बदलतो, हे गटाला प्रत्यक्ष कसं दाखवावं?

चौकस
महाविद्यालयीन वयाच्या १२ ते १५ जणांसाठी दीड तासाचं सत्र आखायचं आहे. विषय असा: माणसाच्या स्वभावाबद्दल आपण जे धरून चालतो, त्याने आपलं वागणं बदलतं का? व्याख्यान नको आहे. अशा चर्चेत दोन बाजू पडतात, दोन्हीकडून दाखले येतात आणि प्रत्येक जण होता तिथेच राहतो. सहभागींच्या स्वतःच्या वागण्याचे आकडे समोर येतील असा प्रयोग हवा. साहित्य काय लागेल, तो कुठे फसतो, आणि त्यातून किती निष्कर्ष काढणं रास्त आहे?

अनुमान
सार्वजनिक निधीचा खेळ घ्या. चौघांचा एक गट. दर फेरीला प्रत्येकाला २० गुण. त्यातले हवे तेवढे निधीत टाकायचे, उरलेले स्वतःकडे. निधीत जमलेल्या गुणांना १.६ ने गुणायचं आणि येणारी रक्कम चौघांत सारखी वाटायची, मग कोणी किती टाकले याचा विचार न करता.

हिशेब सुरुवातीलाच फळ्यावर मांडा. चौघांनी २०-२० टाकले तर ८० चे १२८ होतात, प्रत्येकाला ३२. कोणीच काही टाकलं नाही तर प्रत्येकाकडे २० च राहतात. तिघांनी सगळे टाकले आणि चौथ्याने काहीच नाही, तर ६० चे ९६, वाटा २४. म्हणजे त्या तिघांना २४ आणि चौथ्याला ४४. हा तिढा समजल्याशिवाय पहिली फेरी घेऊ नका. प्रत्येकाकडून अशी दोन उदाहरणं कागदावर सोडवून घ्या. इथे घाई केली तर नंतर स्वार्थ कुठला आणि हिशेबातला गोंधळ कुठला, हे वेगळं काढता येत नाही.

१० फेऱ्या पुरतात. चिठ्ठीवर नाव नको, फक्त क्रमांक. आपल्या गटात कोण आहे हे कोणालाच कळू देऊ नका, बसायची जागाही विखुरलेली ठेवा. प्रत्येक चिठ्ठीवर दोन रकाने: ‘मी किती टाकतो’ आणि ‘माझ्या गटातले बाकीचे तिघे सरासरी किती टाकतील’. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या रकान्यात आहे. फेरी संपली की गटाची एकूण बेरीज तेवढी सांगायची, कोणाचं किती ते नाही.

साधारण असं घडतं: पहिल्या फेरीत सरासरी ४० ते ६० टक्के गुण निधीत येतात, मग दर फेरीला घसरण होते आणि शेवटाकडे फारच थोडे उरतात. हे पाहून कोणीतरी म्हणेलच, ‘बघा, शेवटी सगळे स्वार्थी निघाले.’ तिथे थांबा आणि दुसरा रकाना काढा. आडव्या अक्षावर अंदाज, उभ्या अक्षावर स्वतःचे गुण, असा आलेख काढला की बहुतेक ठिपके कर्णाच्या जवळ, पण किंचित खाली पडतात. म्हणजे ‘इतर १० टाकतील’ असं वाटणारा ८-९ टाकतो. पुढच्या फेरीत बेरीज कमी दिसते, अंदाज खाली येतो, आणि तो आणखी कमी टाकतो. घसरण घडवायला सगळे लोभी असावे लागत नाहीत. थोडी काटकसर आणि दर फेरीला खचत जाणारा अंदाज एवढं पुरतं.

उंबरठा
@अनुमान, मांडणी चांगली आहे, पण त्या आलेखावरून समजामुळे वागणं बदललं असं म्हणता येणार नाही. उलटंही असू शकतं: ज्याला स्वतःला काही टाकायचं नाही, तो ‘इतरही टाकणार नाहीत’ असं धरतो. आपल्यासारखेच बहुतेक जण असतील असं मानण्याची ही खोड ली रॉस आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रयोगांतून दाखवली आहे.

उपाय सोपा आहे. १० फेऱ्यांच्या आधी एक कोष्टक भरून घ्या: ‘इतर तिघांची सरासरी ०, ५, १०, १५, २० असेल, तर प्रत्येक वेळी तुम्ही किती टाकाल?’ इथे इतरांचं वागणं आपण ठरवून देतो, त्यामुळे अंदाजाची दिशा उलटण्याचा प्रश्न राहत नाही. फिशबाखर, गेख्टर आणि फेर यांनी २००१ मध्ये हीच पद्धत वापरली. त्यात जवळपास निम्मे लोक इतरांच्या प्रमाणात देणारे निघाले, आणि सुमारे ३० टक्के असे की इतरांनी कितीही टाकलं तरी ते शून्य.

कोष्टक गंभीरपणे भरलं जावं म्हणून एक अट घाला: शेवटी प्रत्येक गटातला एक जण चिठ्ठी टाकून निवडायचा आणि त्याचे गुण त्याच्या कोष्टकावरूनच धरायचे. ही अट नसेल तर प्रत्येक जण आदर्श उत्तर लिहून मोकळा होतो.

एक गोष्ट टाळा. स्टॅनफर्डमध्ये लिबरमन, सॅम्युएल्स आणि रॉस यांनी (२००४) एकाच खेळाला दोन नावं दिली होती, एक शेअर बाजाराचं, एक समुदायाचं. पहिल्या नावाखाली सुमारे एकतृतीयांश, दुसऱ्याखाली सुमारे दोनतृतीयांश खेळाडूंनी सहकार्य केलं. कोण सहकारी, कोण आपमतलबी, हे ओळखीच्या लोकांनी आधी वर्तवलं होतं. त्या भाकितांचा उपयोग झाला नाही. हा प्रयोग आकर्षक आहे, पण तुमच्या तीन गटांत तो करू नका. एवढ्या थोड्या गटांत निव्वळ योगायोगानेही तेवढा फरक दिसू शकतो. त्याचा निकाल तोंडी सांगा, आणि तुमच्या चिठ्ठ्यांवर ‘खेळ क्रमांक १’ एवढंच लिहा.

पारख
निष्कर्ष किती काढावा, याबद्दल. समज स्वतःला कसा टिकवून धरतो, हे सत्रात यायलाच हवं. फेचेनहाउअर आणि डनिंग यांच्या प्रयोगांत लोकांना वाटलं, आपण दिलेले पैसे साधारण निम्मेच लोक परत करतील; प्रत्यक्षात ८० टक्क्यांच्या आसपास लोक परत करत होते. ही चूक सुधारत का नाही? ज्याच्यावर विश्वास टाकला आणि तो फिरला, त्याचं कळतं. ज्याच्यावर टाकलाच नाही, तो कसा वागला असता ते कधीच कळत नाही. २०१० च्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या लोकांचे निकाल सांगितल्यावर अंदाज सुधारले. फक्त विश्वास टाकलेल्यांचेच निकाल सांगितले, तेव्हा संशय तसाच राहिला.

सहभागींना पुढच्या महिन्यासाठी यावरूनच वही द्या. कोणावर काही सोपवण्याआधी ‘होईल’ याची शक्यता टक्क्यांत लिहायची, आणि ‘झालं’ म्हणजे काय तेही आधीच लिहायचं. नाहीतर उशिराला दगाफटका म्हणण्याची सवय जात नाही. जिथे एरवी सोपवलं नसतं, तिथे फासा टाकायचा. ६ आला तर नुकसान सोसवेल इतकं लहान काम सोपवून बघायचं. फाशाशिवाय आपण सोयीचे प्रसंग निवडतो आणि वही निरुपयोगी होते. समोरच्याला परीक्षा आहे असं जाणवलं किंवा तुमचा सूर बदलला, तर ती नोंद वगळा, कारण आपल्या सुरानेच समोरच्याचं वागणं बदलतं.

नियंत्रणाविषयीही दोन्ही बाजू सांगा. फाल्क आणि कोसफेल्ड (२००६) यांच्या प्रयोगात किमान १० गुण देण्याची सक्ती झालेल्यांनी सरासरी सुमारे १७.५ दिले, सक्ती करता येत असूनही मोकळं सोडलेल्यांनी सुमारे २३. पण फेर आणि गेख्टर यांच्या २००० च्या प्रयोगात, स्वतःचे गुण खर्चून फुकट्यांना दंड करायची मुभा मिळाली तेव्हा निधी घसरायचा थांबला. माझ्या मते दोन्ही निकाल एकत्र बसतात: माझ्यावरचा संशय मला झोंबतो, पण इतर फुकटे सुटणार नाहीत ही खात्री मला द्यायला तयार करते.

चौकस
कोष्टक आणि अंदाजाचा रकाना दोन्ही घेतो. १४ जण आले तर चारचे तीन गट होऊन दोघे उरतात. पाचाचे दोन गट केले तर चालेल?

अनुमान
करू नका. पाच जणांत १.६ चा वाटा प्रत्येकी ०.३२ होतो, चौघांत ०.४. देण्याची किंमत बदलली की गटांची तुलना करता येत नाही. दोघांना बेरीज आणि वाटणीच्या कामावर घ्या. दर फेरीला १२ चिठ्ठ्या हातानं मोजायला दोन माणसं लागतातच. आणि १० वी फेरी शेवटची आहे हे आधी सांगितलं असेल, तर तिची घसरण वेगळी धरा. तिथे पुढच्या फेरीची आशा नसते, म्हणून सरासरी काढताना १ ते ९ च घ्या.