मदत हवी आहे: ओढ्यातले किडे मोजले, स्वच्छ जागेचाच गुण घसरला

भोर तालुक्यातल्या एका डोंगरी ओढ्यावर गावाच्या वर आणि खाली पाण्यातले किडे पकडून बीएमडब्ल्यूपी गुण काढतोय (सापडलेल्या किड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण; घाण पाणी न सोसणाऱ्या कुळाला जास्त. खाली कुळांची नावं आणि त्यांचे गुण). वरच्या जागेच्या वर नुसतं रान आहे.

डिसेंबर, वर: हेप्टाजेनिइडी १०, लेप्टोफ्लेबिइडी १०, फिलोपोटॅमिडी ८, हायड्रोप्सायकिडी ५, एल्मिडी ५, बेटिडी ४, कायरोनोमिडी २. बेरीज ४४, दर कुळामागे सरासरी ६.३.

डिसेंबर, खाली (धुणं धुतात त्याच्या पुढे): हायड्रोप्सायकिडी ५, सिम्युलिइडी ५, बेटिडी ४, कायरोनोमिडी २, गांडूळवर्गीय १. बेरीज १७, सरासरी ३.४.

फेब्रुवारीअखेर, वर: लिबेल्युलिडी ८, कॅनिडी ७, नोटोनेक्टिडी ५, जेरिडी ५, डायटिसिडी ५, बेटिडी ४, कायरोनोमिडी २. बेरीज ३६, सरासरी ५.१.

प्रदूषण आलं कुठून? की जाळ्याचा दोष? ते मच्छरदाणीच्या कापडाचं आहे. शिवाय बाटलीत पिल्लांच्या शेपट्या तुटल्यात. मग मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय (स्वच्छ पाण्याची खूण मानले जाणारे किड्यांचे दोन गट) यांच्या पिल्लांतली कोणती कुठली, कसं ओळखू?

प्रतिसाद १

पाणी बिघडलेलं नाही, थांबलंय. फेब्रुवारीची यादी परत वाचा. नोटोनेक्टिडी, जेरिडी, डायटिसिडी ही डबक्यातली मंडळी. श्वास हवेतून घेतात, पाण्यात ऑक्सिजन किती याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. गायब झालेल्यांत फिलोपोटॅमिडी आणि हायड्रोप्सायकिडी जाळं विणून वाहत्या पाण्यातलं खाणं गाळतात; धार तुटली की उपासमार. तुमचं पकडायचं जाळं दोन्ही वेळा तेच होतं, त्यामुळे हा फरक जाळ्याचा नव्हे.

खळाळ उरला नसेल तर त्या दिवशी गुण काढूच नका, ‘प्रवाह नाही’ एवढी नोंद करा. आपल्याकडे ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा हंगाम बरा. अवकाळी पावसाने ओढा दणकून वाहिला तर दोनतीन आठवडे थांबा, किडे वाहून गेलेले असतात.

धागाकर्ता

मग खालचा ३.४ खरा धरू?

प्रतिसाद २

एकाच दिवशी, सारख्याच खळाळात, सारखा वेळ पकडले असतील तर धरा. आधी खालची जागा करायची, मग वरची. उलट केलंत तर तुम्हीच उचकटलेले किडे आणि गाळ खाली पोचतो. जाळं प्रवाहाच्या खालच्या अंगाला टेकवून त्याच्यापुढचे दगड टाचेने ढवळायचे, एकूण ३ मिनिटं, वेगवेगळ्या कोपऱ्यांत वाटून. शिवाय १ मिनिट दगड उलटून हाताने वेचायचे. कापड बदलाच: अर्धा मिलिमीटर भोकांचं नायलॉन घ्या, मच्छरदाणीतून लहान पिल्लं निसटतात.

मात्र हे गुण ब्रिटनमधल्या किड्यांवर बसवलेत. सह्याद्रीत स्टोनफ्लाय मुळातच थोड्या, त्या दिसल्या नाहीत म्हणून पाण्याला दोष देऊ नका. वर-खालचा फरक बोलका, सुटा आकडा नाही.

शेपट्या राहू द्या, पाय बघा, १० पट भिंगाने. मेफ्लायच्या पायाला टोकाशी एकच नखी आणि कल्ले पोटाच्या कडेला. स्टोनफ्लायला दोन नख्या. कल्ले असले तर बहुधा छातीखाली, पायांच्या बुंध्याशी. बाटली अर्धवट भरली की हिंदकळून अवयव तुटतात, म्हणून ती काठोकाठ भरा. अल्कोहोल ७० ते ८० टक्के हवं आणि दुसऱ्या दिवशी बदलायचं, कारण किड्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं.