धाकटा भाऊ उंचीने पुढे गेला तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

पंचवटीकर ताई
घराला रंग काढलाय. रंगारी दादा मधल्या दाराची चौकट घासायला बसले आणि मी ओरडलेच, थांबा थांबा! त्या चौकटीवर आमच्या उंचीच्या रेघा आहेत, माझ्या आणि धाकट्याच्या. बाबा दर पावसाळ्यात डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलने मारायचे आणि विचारायचे, "पाणी कुठवर आलं?" गोदावरीला पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे बघून विचारतो ना, तसं. मी मारुती, तो पूर. कमरेला, छातीला, गळ्याला. मी अकरावीत असताना एका वर्षात पाणी डोक्यावरून गेलं आणि मी चौकटीला उभं राहणंच सोडलं. बाबांनी हाका मारल्या तरी नाही. वर त्याच्या एकट्याच्या तीन रेघा आहेत, आज त्या बघून फार वाईट वाटलं. त्याने काय केलं होतं, वाढला फक्त. तुमच्याकडे काय झालेलं?

नाशिकरोडचा दादा
आमच्याकडे कपडे. आधी माझी पँट दुमडून त्याला, दहावीनंतर उलटं, त्याला घट्ट झालेले शर्ट आई माझ्यापुढे ठेवायची. पहिला घातला तेव्हा जेवण गेलं नाही. आता तो चांगले कोरे शर्ट "मला घट्ट होतोय रे" म्हणून आणून देतो, मला सगळं कळतं पण मी घेतो.

सिडको
सायकलची सीट!! सकाळी क्लासला निघाले तर पाय पेडलला टेकेनात, रात्रीत वर केलेली. खूप रडले होते. कुकर झालाय, नंतर लिहिते

शाळेतली बाई
ताई, मी सातवी-आठवीला शिकवते, दरवर्षी हेच बघते. मुली साधारण 10 ते 12 व्या वर्षी भराभर वाढतात, मुलगे त्यानंतर दोनेक वर्षांनी, आणि तेव्हा वर्षाला 8-10 सेंमी सुद्धा. जूनमध्ये पहिल्या बाकावर बसवलेला पोरगा दिवाळीनंतर मागे पाठवावा लागतो. वर्गातल्या उंच मुली तेव्हा खांदे पाडून चालायला लागतात, मी प्रत्येकीला सांगते ताठ चाल.

जुनं नाशिक
उंचीचं नाही ताकदीचं सांगतो. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा (उडी) मारला, वर येतो तर गर्दीत काठच सापडेना, कुणीतरी दंडाला धरून उचललं आणि बाहेर ठेवलं. तोंड रंगाने भरलेलं, ओळखूच येईना. "दादा लागलं का" म्हणाला तेव्हा कळलं आपलाच आहे. याला मी चौथीपर्यंत खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवलीय हो.

सिडको
@जुनं नाशिक रहाडीचा रंग किती दिवस राहतो अंगावर? मुलगा यंदा जायचं म्हणतोय

जुनं नाशिक
आठवडा धरून चाला. जुने कपडे घालून पाठवा आणि मोठ्या कुणासोबत पाठवा

दिंडोरीहून
वडील गेले तेव्हा खांदा द्यायला मी पुढे, तो माझ्यामागे. तो माझ्यापेक्षा पाच बोटं उंच. तिरडी कलायला लागली तसा तो गुडघ्यात वाकला आणि तसाच अमरधामपर्यंत चालत आला, कुणाला बदली घेऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला पायरी उतरता येईना. यावर आम्ही कधी बोललो नाही.

नाशिकरोडचा दादा
🙏

शाळेतली बाई
वाचून डोळे भरले दादा. त्याला सांगा कधीतरी.

दिंडोरीहून
बागेत छाटणी चालू आहे, संध्याकाळी तो इथेच असतो. बघतो.

पंचवटीकर ताई
सगळ्यांचं वाचतेय, उत्तर द्यायला जमत नाहीये. धाकट्याला पुण्याला फोन केला, तो म्हणाला रविवारी येतो तोवर चौकटीला हात लावू देऊ नको. बाबा नाहीत आता, पट्टी वहिनी धरेल. मी पण उभी राहणार.

सिडको
ताई तेवढी पट्टी सोडून बाकी पॉलिश करता येतं, आम्ही केलंय. वरून मास्किंग टेप लावायला सांगा, पण हलक्या हाताने, पेन्सिल उचलून येते